उष्टं वाद्य

माझ्या आईने आयुष्यात एकच वाद्य धुतलं, आणि ते नेमकं अशा माणसाचं होतं, ज्याच्याकडे आम्ही भाड्याने घर मागायला गेलो होतो.

घराची निकड भलतीच होती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहायचो. मी आणि माझा नवरा मंदार एकाच कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, आणि आमची पाच वर्षांची इरा. चिप्सच्या दुकानाच्या डोक्यावर एका बेडरूमचा फ्लॅट होता. (तळणाचा वास इतका मुरलेला की, ऑफिसात माझ्या कोटाजवळ आलं की लोकांना भूक लागायची.) बाबा गेले आणि मिरजेच्या घरात आई एकटी पडली, म्हणून तिला आमच्याकडे घेऊन आलो. बेडरूममध्ये पलंगावर आई, मी आणि इरा. बाहेरच्या सोफ्यावर मंदार. सोफा दोन माणसं अंग चोरून बसतील एवढा आणि मंदार सहा फुटी, त्यामुळे गुडघ्यापासून पुढचा मंदार रात्रभर अधांतरी असायचा.

आईला हे पहिल्या रात्रीपासून टोचत होतं.

"जावयाला सोफ्यावर लोळवून सासू पलंगावर? मिरजेत कळलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"मिरजेत कोण सांगणारे?"

"मीच सांगेन की. माझ्या पोटात काही राहतंय होय?"

मंदार म्हणायचा, "आई, मला सोफा आवडतो हो." हे तो मानेला बाम चोळत म्हणायचा. त्या दिवसांत त्याला कुणी हाक मारली की मान वळायची नाही, अख्खा मंदार वळायचा. आई ते रोज बघायची.

मग एके दिवशी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून घे. लेकीकडे किती राहायचं यालाही काही रीत असते."

मी हसून टाळलं, तिकीट काही बदललं नाही. मिरजेला ती काय करायची ते मला फोनवर कळायचं. सकाळी केलेलं संध्याकाळी खायचं आणि घरात आवाज हवा म्हणून टीव्ही लावून ठेवायचा, बघायचा नाही. तिने इतक्यात त्या घरात परत जाऊ नये एवढंच मला वाटत होतं, आणि त्यासाठी आम्हाला एक जास्तीची खोली हवी होती. पण त्या तेजीच्या दिवसांत खोली मिळणं म्हणजे देव भेटणं. आम्ही घर बघायला जायचो तेव्हा आमच्या पुढे रांग असायची, आणि आमचा नंबर येईपर्यंत घर गेलेलं असायचं.

शेवटी ऑफिसातल्या शेवॉनने सांगितलं, "गावाबाहेर गॉलवेच्या रस्त्याला युअर मॅन मिकची गॅलरी आहे ना, तिच्या मागे त्याचं एक घर आहे. एजंट नाही, जाहिरात नाही. तो चहाला बोलावतो आणि माणूस बघून घर देतो. फक्त त्याच्या वस्तूंना हात लावू नका. त्या बाबतीत जरा तिखट आहे." ('युअर मॅन' म्हणजे तिकडच्या बोलीत नुसतं 'तो बाबा'.)

रविवारी निघालो. गाडीत मी आईची शिकवणी घेतली. कशालाही हात लावायचा नाही. त्याला वय विचारायचं नाही, लग्न विचारायचं नाही, मुलं का नाहीत ते तर अजिबात विचारायचं नाही. आणि काही आवडलं नाही तर तोंड वाकडं करायचं नाही.

"म्हणजे मी बाहुलीसारखी बसू?"

"हो."

"मग बाहुलीच आणायची होतीस," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर मेंढ्या बघत बसली.

गॅलरी म्हणजे गवत साठवायची जुनी शेड होती. रस्त्यावर बोर्ड होता: ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची चित्रं आणि वाद्यं. बोर्डावर मिकने स्वतःच्या हाताने कांगारू काढला होता, तो पोट सुटलेल्या सशासारखा दिसायचा. थांबणाऱ्या पर्यटकांपैकी निम्म्यांना लोकरीचे स्वेटर हवे असायचे आणि उरलेल्यांना टॉयलेट, असं मिकनेच सांगितलं. माणूस सत्तरीच्या पुढचा, उंच, भुवया गवताच्या पेंढीसारख्या. तरुणपणी ऑस्ट्रेलियात रेल्वेचे रूळ टाकायला गेला, तिकडेच म्हातारा झाला, आणि मग गावी परतला. तिकडच्या ओळखीच्या चित्रकारांची चित्रं मागवून इथे मांडायचा. प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचं नाव आणि गाव होतं.

त्याने प्रेमाने आम्हाला एका मोठ्या चित्रासमोर उभं केलं. तांबडी जमीन आणि तिच्यावर हजारो पांढरे-पिवळे ठिपके. मिक सांगू लागला की हा एका बाईच्या मुलखाचा नकाशा आहे, इथे पाण्याचं डबकं, इथून तिच्या आज्या-पणज्या चालत गेल्या. मी मान डोलावली. मंदारने अख्ख्या अंगाने डोलावली. आईने चष्मा वर करून चित्र नीट न्याहाळलं.

"एवढे ठिपके घातले," ती मराठीत म्हणाली, "आणि रेषा ओढायचा कंटाळा केला होय गं बाईने?"

"काय म्हणतात त्या?" मिकने विचारलं.

"चित्र पाहून मन भरून आलं म्हणते," मी म्हणाले.

मिक खूश झाला. मलाही हुरूप आला. दुभाष्याचं काम इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग त्याने चहा केला. शेडच्या कोपऱ्यात सिंक, किटली आणि कपांचं एक प्रेस, म्हणजे कपाट, असा छोटासा संसार होता. फ्रूटकेक कापला. आणि आम्ही पहिला घोट घेतोय तोवर त्याने भिंतीला टेकवलेलं एक वाद्य उचललं. डिजेरिडू म्हणजे वाळवीने आतून पोखरलेलं, माणसाएवढं लांब लाकूड. दुकानातली बाकीची डिजेरिडू रंगवलेली होती, हे साधंच होतं, हाताने गुळगुळीत झालेलं. तोंडाशी काळपट मेणाचं कडं होतं. मिक खुर्चीवर बसला, गाल फुगवले, आणि वाजवू लागला.

आवाज कानात नाही, खुर्चीतून अंगात शिरला. कपबश्या थरथरल्या. इरा हसायला लागली. मी आईकडे बघितलं तर तिचे डोळे मिटलेले. ती मिरजेची आहे, आणि मिरजेत सतार-तंबोरे बनतात. एवढ्या भांडवलावर ती जगातल्या कुठल्याही वाद्याबद्दल अधिकाराने बोलते. (स्वतः आयुष्यात आरतीला टाळसुद्धा वाजवलेला नाही.)

"खर्ज चांगला आहे," तिने शेरा दिला.

इथपर्यंत घर आमचंच होतं.

मग मिकने ते डिजेरिडू मंदारला दिलं. "वाजव बघू." मंदारने फुंकलं आणि पहिल्याच फटक्यात असा काही दणदणीत आवाज निघाला की मिक उठून उभा राहिला. "याला जन्मजात येतंय," तो म्हणाला. मंदार लाजला. मग मी फुंकलं, तर हॉर्न बिघडलेल्या टेम्पोसारखा आवाज आला. मग इराने फुंकलं, त्यात फुंकर कमी आणि लाळ जास्त होती. शेवटी मिकने ते हसत हसत आईपुढे धरलं.

आईने तोंडावर पदर घेतला.

"चौघांचं उष्टं!" ती पुटपुटली. "आणि याच्याआधी रस्त्यावरच्या कुणाकुणाचं असेल देव जाणे. शी."

तोंड वाकडं झालं होतं. 'शी' जगातल्या कुठल्याही भाषेत कळतं. मिकचा चेहरा उतरला. "त्यांना आवडलं नाही का?"

मी घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही. आज तिचा उपास आहे. उपासाच्या दिवशी ती काहीच तोंडाला लावत नाही."

"अरे देवा," मिक कळवळला, "मला आधी सांगायचं नाही का?" आणि त्याने आईच्या हातातला चहा अदबीने काढून घेतला. केकची ताटलीही तिच्या नजरेला पडायला नको म्हणून फडक्याखाली झाकून ठेवली.

आई रिकाम्या हातांकडे बघत राहिली. "चहा का नेला त्याने?"

"तुझा उपास आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाहत होते. मग मिक म्हणाला, "चला, घर दाखवतो," आणि आई म्हणाली, "तुम्ही या जाऊन. माझा गुडघा दुखतोय. उपाशी माणसाला चालवत नाही." इरा आजीपाशी थांबली.

घर बघून मला रडू यायचं बाकी होतं. स्वयंपाकघरात सूर्य येत होता. खोल्या खऱ्याच खोल्या होत्या, त्यांना दारं होती. मागच्या बाजूच्या एका खोलीला रुंद खिडकी, खिडकीत बसायला जागा आणि बाहेर मेंढ्या. मी मनातल्या मनात तिथे आईची वाती वळायची टोपली ठेवून टाकली. मंदार पलंगापाशी नुसता उभा होता. पलंगाला हात लावून बघत होता.

"घर ग्रँड आहे," मी म्हणाले.

"माणसंही ग्रँड दिसतात," मिक म्हणाला. "चला, बसून बोलू."

शेडच्या दारातच इरा धावत आली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र तिच्या शाळेतल्या सुरात यायचं. "मॅमी, आज्जी वॉश्ड इट. इट्स ऑल क्लीन नाऊ."

आई सिंकपाशी उभी होती. पदर खोचलेला, बाह्या वर केलेल्या. कप धुऊन पालथे घातले होते. आणि कपांच्या शेजारी, दुधाची बाटली निथळत ठेवावी तसं, मिकचं डिजेरिडू उलटं उभं होतं. शेजारी किटली वाफाळत होती.

"बसून काय करायचं म्हटलं," आई समाधानाने म्हणाली. "दोनदा उकळतं पाणी ओतलं बघ आतून. आणि तोंडाशी केवढा मळ साठला होता! काळा किट्ट. चमच्याच्या दांड्याने खरवडून काढला तेव्हा निघाला." तिने कागदावर काढून ठेवलेला मेणाचा गोळा अभिमानाने दाखवला. "दुसऱ्याच्या घरी न विचारता टाकायचं कसं, म्हणून ठेवलाय."

मिक पुढे आला. त्याने डिजेरिडू उचललं, जिथे मेण होतं तिथल्या कोऱ्या लाकडावरून अंगठा फिरवला, आणि खुर्चीवर बसला. मंदार म्हणाला की आम्ही भरपाई करू. मिकने मान हलवली. ते विकायचं नव्हतंच, तो म्हणाला. रुळांच्या कामावरच्या त्याच्या एका मित्राने, तिथल्याच एका आदिवासी माणसाने, त्याला ते शिकवलं होतं. आणि मिक परत यायला निघाला त्या दिवशी त्या मित्राने मिकच्या ओठांच्या मापाने ते मेण स्वतः बसवून दिलं होतं. मित्र पुढे वारला. त्याच्या बोटांचे ठसे त्या मेणात होते.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

माझ्या जिभेवर आणखी एक थाप तयार होती. (मन भरून आलं म्हणतोय, वगैरे.) पण मिककडे बघून ती निघेना. मी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

आईचा चेहरा पांढरा पडला. ती मिकसमोर स्टुलावर बसली. "नाव काय त्यांच्या मित्राचं?"

मी विचारलं. मिक म्हणाला, मित्राच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून मीही घेत नाही.

"मी तरी ह्यांचं नाव कुठे घेते," आई हळूच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता मी सांगते ते नीट सांग त्याला. मधे तुझं काही घालू नकोस. म्हणावं, ह्यांचा चष्मा माझ्याकडे आहे. त्याच्या काचेवर ह्यांचं बोट उमटलंय. मी घरातली फरशी दिवसातून दोनदा पुसते, पण ती काच अजून पुसलेली नाही. पाहुणी म्हणून आलेल्या कुणी पुसली असती तर मी तिला घराबाहेर काढलं असतं. म्हणावं, मला कळायला हवं होतं. चुकलं माझं."

मला त्या चष्म्याचं माहीत नव्हतं. मी काचेपर्यंतचं इंग्रजीत सांगितलं. उरलेलं मंदारने सांगितलं.

मिकने डिजेरिडू मांडीवर आडवं ठेवलं. मग त्याने कागदावरचा मेणाचा गोळा उचलला, वास घेतला, आणि आईला म्हणाला, "गरम पाणी आहे का अजून?"

हे आईला माझ्याशिवाय कळलं. तिने किटली आणली. वाडग्यात पाणी ओतून मिकने गोळा त्यात सोडला. मेण मऊ झालं तसा तो ते मळू लागला, पण त्याची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. आईने दोन मिनिटं बघितलं आणि वाडगा सरळ स्वतःकडे ओढला. पुरणपोळीची कणीक तिंबावी तसं तिने ते मेण तिंबलं. त्याची लांब वळी केली. मिकने ती लाकडाच्या तोंडावर बसवली, ओठ लावून दाबली, पुन्हा लावून दाबली. मग फुंकलं.

सुरुवातीला नुसती हवा गेली. मग तोच आवाज खुर्चीतून अंगात शिरला. मिक थांबला आणि एकाएकी हसायला लागला.

"मेण दर काही वर्षांनी बदलायचं असतं," तो म्हणाला. "जाताना त्यानेच बजावलं होतं. मी कधी हात लावला नाही. आज असता तर मला शिव्या घातल्या असत्या त्याने, आणि तुमच्या आईला नमस्कार केला असता."

मी हे आईला सांगितलं. आईने पदराने डोळे पुसले आणि एकदम इंग्रजीत बोलली. मिरजेच्या मुलींच्या शाळेतलं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं इंग्रजी.

"मिस्टर मिक. नो फास्ट. आय ॲम व्हेरी हंग्री. माय डॉटर टेल लाय."

इरा म्हणाली, "शी डिड, लाइक."

"ते मला माहीत होतं," मिक म्हणाला. "फडक्याखालचा केक अर्धा संपलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि चित्र बघून त्या खरं काय म्हणाल्या होत्या?"

मी जमिनीकडे बघितलं. आई उठली, चित्रासमोर गेली, आणि हवेतल्या हवेत बोटाने एक ठिपका दुसऱ्याला जोडून दाखवला. मग तिसऱ्याला. मिक खुर्चीचा हात धरून हसला. मग त्याने तिला एक कागद दिला, तिने त्यावर ठिपके काढून रेषा ओढून दाखवल्या, आणि त्याने तिला समजावलं की त्या बाईच्या ठिपक्यांना रेषा लागत नाहीत, कारण ते चालून जोडायचे असतात. हे मात्र आईला पटलं. "असं होय," ती म्हणाली, "मग बरोबर आहे तिचं." मधे दुभाषा कुणी नव्हता. मी कोपऱ्यात एकटीच नव्याने केलेला चहा पीत होते.

निघताना मी भीत भीत विचारलं, "मग घराचं...?"

"घर मी तुमच्या आईला देतोय," मिक म्हणाला. "तुम्ही तिच्याबरोबर राहिलात तर माझी हरकत नाही. पण काही बोलायचं असेल तर तिच्याशीच बोलेन. तुमचा काही भरवसा नाही."

पुढच्या महिन्यात आम्ही तिथे राहायला गेलो. तिकिटाचा विषय आईने पुन्हा काढला नाही. खिडकीतल्या जागेवर तिची टोपली आली, टोपलीशेजारी बाबांचा चष्मा आला, आणि तो तिथेच असूनही कुणी कधी पुसला नाही. रविवारी मिक चहाला यायचा, येताना आईसाठी केक आणायचा, आणि ती त्याला इंग्रजीत माझ्या तक्रारी सांगायची.

जावयालाही अखेर पलंग मिळाला. आणि पहिल्याच रात्री मला कळलं की मंदारला ते वाद्य पहिल्या फटक्यात कसं वाजलं होतं. सोफ्यावर अर्धा अधांतरी असल्यामुळे इतके महिने जे दबून राहिलं होतं, ते आता पाठ टेकल्यावर मोकळं झालं. असं घोरणं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. खिडकीच्या काचा हलायच्या, मागे मेंढ्या उठून बसायच्या, आणि सकाळी आई कौतुकाने म्हणायची, "खर्ज चांगला आहे हो मंदाररावांचा."

मी चौथ्या रात्री उशी घेऊन बाहेर, आमच्याबरोबर आलेल्या त्याच सोफ्यावर आले. सोफा दोन माणसं अंग चोरून बसतील एवढा. आईला मी म्हटलं, बघ, तुझ्या लेकीची काय दशा झाली. आई वाती वळता वळता म्हणाली, "लेक झोपली सोफ्यावर तर काही बिघडत नाही. त्याला मिरजेत कुणी नावं ठेवत नाही."